पालथ्या होड्यांचा दगड

आमच्या शकुताई म्हणजे माझ्या थोरल्या नणंदबाई. दर पावसाळ्यात गुडघे दाखवायला त्या साताऱ्याहून आमच्याकडे वाशीला येतात. डॉक्टरांना गुडघे दाखवून होतात घटकाभरात, उरलेले सगळे दिवस त्या ते मला दाखवतात. यंदा आल्या त्या संध्याकाळी बाल्कनीत चहा पिताना समोरच्या टॉवरांकडे बघत म्हणाल्या, "उषा, तुमच्या या नव्या मुंबईत जुनं असं काही आहे का गं? मला वाटतं, सगळ्यात जुनी वस्तू तुझा फ्रिजच असेल."

फ्रिजचं मला वाईट वाटलं नाही, तो खरंच जुना आहे. पण गावाबद्दल बोललेलं झोंबलं. नोकरी संपल्यापासून मी कॅमेरा गळ्यात अडकवून याच उद्योगाला लागले आहे. चौकातले पुतळे, कोणाच्या ध्यानीमनी नसलेल्या कबरी, देवळामागे पडलेले कोरीव दगड, जे दिसेल ते टिपायचं. सकाळी निघायचं आणि जेवायला घरी परत यायचं. याला प्रवास म्हटलं तर आमच्या घरातलेसुद्धा हसतात. पण यंदा शकुताईंना बरोबर घेऊन हिंडले आणि त्यात असं काही बघितलं की ते न लिहिता राहवत नाही.

एक आधीच सांगून टाकते. मी एका हॉस्पिटलात एक्स-रे काढायचे. त्या खोलीने मला दोन सवयी लावल्या. एक म्हणजे, समोर माणूस असो की दगड, फोटो काढताना तोंडातून "श्वास घ्या, रोखा" निघतंच. दुसरी म्हणजे, फोटोत काहीही दिसलं तरी चेहरा कोरा ठेवायचा. पेशंट विचारायचे, "बाई, काय दिसलं?" मी म्हणायचे, "रिपोर्ट डॉक्टर सांगतील." सगळ्यात आधी बघायचं आम्ही आणि गप्पही बसायचं आम्हीच. ही दुसरी सवय या फिरण्यात मला फार जड गेली.

पनवेल आणि तळोजा

सुरुवात केली ती वाशीतल्या चौकांपासून. लोखंडाचे फ्लेमिंगो, सिमेंटचे मासे, भंगारातून जोडलेला माणूस. शकुताईंनी सगळं रिक्षातून न उतरता बघितलं. "बगळा छान आहे," म्हणाल्या, "पण हा माझ्यापेक्षा लहान आहे."

मग दुसऱ्या दिवशी त्यांना पनवेलला इस्रायली लोकांच्या कबरस्तानात नेलं. आमच्या कोकणपट्टीत पिढ्यान् पिढ्या राहिलेले हे ज्यू लोक, बोलायला मराठी, आडनावं गावांवरून पडलेली. किल्लीवाल्याला शोधण्यात निम्मी सकाळ गेली. आत गवत गुडघाभर. पण दगडांवरचं ओलं शेवाळ हाताने सारलं तर वर हिब्रू अक्षरं आणि खाली चक्क आपली बाळबोध मराठी: अमक्याची पत्नी, तमक्याची मातोश्री, फार प्रेमळ होत्या. शकुताई मोठ्याने वाचत पुढे पुढे चालल्या आणि वाचता वाचता त्यांचा आवाज हळू झाला. परक्याच्या कबरीवर आपल्या आईसारखी भाषा दिसली की कोणाचाही होईल.

तिथे एक वयस्कर गृहस्थ आपल्या वडिलांचा दगड धूत बसले होते. म्हणाले, "अक्षरं गेली हो सगळी. मला पाठ आहेत म्हणून दिसतात." मी पर्समधला आरसा काढला, ढगातून जरा ऊन आलं होतं ते आरशावर घेतलं आणि दगडावर बाजूने, अगदी तिरपं सोडलं. समोरून उजेड पडला की झिजलेला दगड सपाट दिसतो; बाजूने पडला की प्रत्येक खाचेत सावली भरते. बघता बघता नाव उमटलं, खालची ओळही उमटली. त्या गृहस्थांनी डोक्यावरची टोपी नीट केली. निघताना त्यांनी आम्हाला त्या कबरीवर एकेक खडा ठेवायला सांगितलं, कोणीतरी येऊन गेलं याची खूण म्हणून. शकुताई गेटपर्यंत आल्या आणि परत जाऊन शेजारच्या, कोणी न धुतलेल्या कबरीवरही एक खडा ठेवून आल्या.

तळोज्याला मात्र आमची फजिती झाली. तिथे एका कारखान्याच्या कुंपणाला टेकून एक गधेगाळ उभा आहे. गधेगाळ म्हणजे शापाचा दगड. राजाने दान दिलेली जमीन कोणी लुबाडली तर त्याच्या आईचं काय होईल, ते न शिकलेल्यालाही कळावं म्हणून चित्र कोरून दाखवलेलं असतं. काय दाखवलेलं असतं ते मी इथे लिहीत नाही. शकुताईंनी वाकून नीट बघितलं, पदर तोंडाला लावला आणि वॉचमन ऐकत नाही ना याची खात्री करून म्हणाल्या, "एवढं उघड कोरायची काय गरज होती?"

"जमिनीचा मामला होता ना, ताई."

"मग बरोबर आहे," साताऱ्याच्या कोर्टात भावकीचा दावा चाललेल्या शकुताई म्हणाल्या.

परतताना त्यांनी गावच्या मारुतीच्या देवळासमोरचे वीरगळ आठवून आठवून सांगितले. त्यांच्या गावाला, म्हणजे माझ्या सासरी, असे लढाईत पडलेल्या माणसांचे दगड ओळीने उभे आहेत आणि पोरं त्यांच्यावर बसून चिंचा खातात. मी त्यांना सांगितलं की वीरगळ खालून वर वाचायचा असतो. तळाच्या चौकटीत तो माणूस लढताना मरतो, मधल्या चौकटीत अप्सरा त्याला उचलून नेतात आणि सगळ्यात वर तो शंकराच्या पिंडीसमोर हात जोडून बसलेला असतो, वर चंद्रसूर्य. शकुताई म्हणाल्या, "एवढी वर्षं मी वरून खाली बघत होते. मला वाटायचं, आधी पूजा केली आणि मग मारामारीला गेला."

मोरा

आमच्या सोसायटीच्या गेटवर जनाबाय सुकी मासळी घेऊन येते. कोळीण आहे, उरणकडची. वर्षानुवर्षं तिच्याकडून जवळा घेते आहे मी. माझ्या गळ्यातला कॅमेरा बघून त्या आठवड्यात ती म्हणाली, "ताई, तू दगरांचे फोटू कारतंस नं? मंग आमचे बापदेवाचा कार."

"का गं, काय विशेष?"

"देवानं कवच टाकला. परवा आरतीचे वक्ताला धबकन् परला. आता देवलात टाइल लावताव. रविवारी सकाली टाइलवाला देवाला ग्रॅनाइटमदी पक्का करील. त्याचे आदी कार. कवचाबिगर देव कुनी बगलाच नाय."

शेंदूर लावलेल्या देवांचं असं होतं. वर्षानुवर्षं थरावर थर चढत जातात आणि एक दिवस सगळा मुखवटा आपल्या वजनाने सुटून खाली येतो. लोक ते कवच पाण्यात सोडतात आणि खालच्या मूळ दगडावर पुन्हा पहिल्यापासून शेंदूर चढवतात. या दोहोंमधले थोडे दिवस काय तो दगड उघडा. आमच्यासारख्यांना असे दिवस नशिबानेच मिळतात. मी तिथल्या तिथे हो म्हटलं, शनिवारी येते म्हटलं.

गावाचं नाव मी मुद्दाम देत नाही. दिलं तर उद्या तिथे रीलवाले पोचतील आणि परवा दगड चोरणारे. मोऱ्याच्या धक्क्यापासून फार लांब नाही, एवढं पुरे.

जनाबाय आम्हाला घ्यायला मोऱ्याला येणार होती. धक्क्यावरून मुंबईची लाँच नुकती सुटली होती, पाणी गढूळ आणि वारा असा की शकुताईंची छत्री उलटी होऊन कमळासारखी उघडली. किनाऱ्यावर मोठ्या होड्या टेकू देऊन, प्लास्टिकने झाकून ठेवल्या होत्या. लहान होड्या चिखलाच्या वर ओळीने पालथ्या घातलेल्या, तळ आभाळाकडे. शकुताई घाटावरच्या, त्यांचा पाण्याशी संबंध विहिरीपुरता. त्या हळहळल्या. "अरेरे. एवढ्या सगळ्या बुडाल्या?"

जाळं विणत बसलेल्या दोघीतिघी हसून लोळायच्या बाकी राहिल्या. त्यांच्यातली एक डोळे पुसत म्हणाली, "बुरतील कशाला गं बाय? पावसालाय नं. निजल्यान त्या." शकुताईंनी छत्री सरळ करायच्या निमित्ताने तोंड फिरवलं.

पुनर्वसनातलं गाव

गाव म्हणजे खाडीच्या तोंडावरून उठवून इथे आणलेलं गाव. प्रकल्प आला, घरं गेली, बदल्यात प्लॉट मिळाले. सरळ गल्ल्या, घरांना नंबर, प्रत्येक दारात तुळस आणि गच्चीवर पाण्याची टाकी. समुद्र दिसत नाही, पण दोन घरांच्या फटीतून वास येतो. पुष्कळ अंगणांत जाळ्यांचे ढीग होते आणि त्यांच्यावर घोसाळ्याचे वेल चढले होते.

जनाबायचा नवरा हरिचंद्र ओट्यावर बसला होता. पूर्वीचा तांडेल, म्हणजे होडी हाकणाऱ्यांचा म्होरक्या. रुंद खांदे, पांढऱ्या मिशा, बोलणं अगदी मोजकं. "या," म्हणाला आणि पुन्हा हातातल्या दोरीच्या गाठी घालायला लागला.

जेवायला तांदळाची भाकरी, जवळ्याची चटणी आणि चिंबोऱ्यांचं, म्हणजे खेकड्यांचं, कालवण. चिंबोरी कशी फोडायची हे शकुताईंना जनाबायने दोनदा दाखवलं. तिसऱ्या खेपेला त्यांनी स्वतः फोडली आणि निम्मा रस्सा त्यांच्या पांढऱ्या साडीवर गेला. आमच्याकडे पाहुणीच्या साडीवर रस्सा सांडला तर यजमानीण ओशाळते. इथे सगळ्या आळीला आनंद झाला. शेजारीण त्यांना हात धरून नळावर डाग धुवायला घेऊन गेली, आणि मी जनाबायबरोबर देवळाकडे निघाले.

"दादा नाही येत?" मी विचारलं.

"तो देवलात जात नाय," जनाबाय म्हणाली आणि पुढे चालायला लागली.

देऊळ म्हणजे एक मोठी खोली. भिंतींना छातीपर्यंत गुलाबी टाइल लागून झाल्या होत्या, कोपऱ्यात सिमेंटच्या गोण्या. दारापाशी टोपलीत ते पडलेलं कवच ठेवलं होतं: शेंदरी, जाड, घड्याएवढं, चांदीचे दोन डोळे अजून त्यावर चिकटलेले, आणि आतून पोकळ. मी त्याला नमस्कार केला, मग लक्षात आलं की देव समोर आहे.

समोर कमरेएवढा काळा दगड, सिमेंटमध्ये रोवलेला. वरचा भाग ओबडधोबड, छिन्नी न लागलेला. त्यावरच तो चेहरा बसवला होता. खाली सगळीकडे वाळलेला चिखल चिकटून होता. जनाबायने सांगितलं की जुन्या गावात बापदेव खाडीच्या बांधावर चिखलात रुतलेला होता, नुसतं टोक वर दिसायचं. उठायची वेळ आली तेव्हा धो धो पाऊस, भगत आजारी, आणि कोणी पुढे होईना. हरिचंद्रनेच रीतीप्रमाणे टोकावरचा शेंदूर खरवडून खाडीत सोडला, देव खणून काढला, टेम्पोत घातला आणि इथे आणून उभा केला. चिखलावरच शेंदूर चढत गेला. चिखल सुकला, सुटला, म्हणून कवच आलं असणार.

मी रंगाच्या मऊ ब्रशने चिखल झाडायला लागले. जनाबायला टॉर्च दिला, जमिनीलगत धरायला लावला, उजेड आडवा सोडला. "श्वास घ्या, रोखा," मी सवयीने म्हणाले आणि जनाबायने खरंच श्वास रोखला.

दगडावर कमानी उमटल्या. एकीच्या बाजूला एक, तोरणासारख्या. कमानींच्या वर तिरप्या रेघा, भरपूर. मधल्या चौकटीत काही बायका, पण डोकी खाली. मी फोटो काढत गेले, मला काही अर्थ लागेना. भिंगावर धूळ बसली म्हणून कॅमेरा उलटा करून फुंकर मारली, तो तसाच उलटा खाली घेतला आणि नजर मागच्या पडद्यावर गेली.

त्या कमानी नव्हत्या. त्या होड्या होत्या. उंच नाळीच्या, म्हणजे पुढचं टोक वर उचललेल्या, लांबलचक लढाऊ होड्या, आत एकाला लागून एक वल्हेकरी, आणि त्या तिरप्या रेघा म्हणजे पाण्यात उतरलेली वल्ही. वीरगळ होता तो, आणि समुद्रावरच्या लढाईचा. असे दगड बोरिवलीकडे एकसरला आहेत हे मी ऐकून होते, ते बघायचं कधीपासून मनात होतं. आणि हा इथे, टाइलच्या देवळात, माझ्या जवळेवालीच्या देवाच्या अंगाखाली. शिलाहारांच्या वेळचा असावा. कोणी तरी कधी काळी याच खाडीतून निघून लढला, मेला, त्याच्या माणसांनी एवढा दगड कोरून घेतला. इतका आनंद मला कित्येक वर्षांत झाला नव्हता.

मग कॅमेरा सरळ केला आणि तो आनंद जागच्या जागी थांबला. दगड उलटा उभा होता; शेंदूर खरवडल्यावर त्या पावसाचिखलात वरचं टोक कोणतं ते कळलं नसणार. पिंड सिमेंटमध्ये गाडलेली, अप्सरा खाली डोकं, आणि सगळ्या होड्या पालथ्या.

"काय दिसतंय?" जनाबायने विचारलं.

"बघते," मी म्हणाले. चेहरा आपोआप कोरा झाला होता.

जनाबाय चहा टाकायला पुढे गेली. मी गल्लीतून चालले होते तेवढ्यात समोरून शकुताई आल्या. साडी ओली, चेहरा उतरलेला. मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "उषा, तुला एक सांगते. नळावर कळलं. या हरिचंद्रांचा धाकटा भाऊ होता, किसन. इथे राहायला आल्यावर पुढच्याच वर्षी वादळात त्याची होडी पालथी झाली. माणूस सापडलाच नाही. गावातले लोक म्हणतात, देव नीट उभा केला नाही म्हणून झालं. तोंडावर कोणी बोलत नाही. पण तेव्हापासून हे देवळाची पायरी चढलेले नाहीत."

मी कॅमेरा सुरू करून त्यांच्या हातात दिला. दगड कसा उभा आहे ते दाखवलं, मग कॅमेरा फिरवून तो कसा असायला हवा ते दाखवलं. शकुताईंना वीरगळ आता वाचता येत होता. त्यांनी घाईने कॅमेरा मला परत दिला.

"सांगू नकोस," त्या म्हणाल्या. "त्यांनी स्वतःच्या हाताने उभा केलाय तो. मरतील ते ऐकून."

"उद्या सकाळी तो ग्रॅनाइटमध्ये पक्का होणार आहे. मग तो असाच राहील, कायमचा. आणि उद्या दुसऱ्या कोणी बघून गावभर सांगितलं तर?"

"म्हणून तू सांगणार?"

आयुष्यभर असल्या वेळी मी दाराकडे बोट दाखवून पेशंटला डॉक्टरांकडे पाठवलं. इथे कोणाकडे पाठवू? आम्ही दोघी त्या नंबरवाल्या घरांच्या मध्ये उभ्या राहिलो आणि मला मनापासून वाटलं की आपण आज घरीच बसायला हवं होतं.

ओट्यापाशी आलो तर चहा तयार होता. मी कप उचलला. हरिचंद्रने गाठ पुरी केली, दोरी खाली ठेवली आणि आल्यापासून पहिल्यांदा माझ्याकडे बघून विचारलं, "काय दिसला?"

मी फक्त कॅमेऱ्यात तो फोटो शोधला, सरळ दिसेल असा कॅमेरा फिरवला आणि त्याच्यासमोर धरला.

त्याला समजावून सांगायची गरज पडली नाही. आयुष्य होडीत गेलेला माणूस तो. त्याचं बोट पडद्यावर नाळीवरून वल्ह्यांवर गेलं, डोळे लहान झाले, क्षणभर तर ओठांवर हसू आलं. मग त्याने कॅमेरा माझ्या हातातून घेतला आणि हळूच उलटा केला, देवळात दगड जसा उभा आहे तसा.

"मीच बसवला," तो म्हणाला.

जनाबायने त्याच्या खांद्यावरून वाकून बघितलं आणि हातातलं फडकं तोंडाला लावलं. शकुताईंना शांतता सोसत नाही, कधीच सोसलेली नाही. त्या घाबऱ्याघुबऱ्या बोलून गेल्या, "मी पण बाई सकाळी मोऱ्याला तेच म्हणाले. होड्या पालथ्या बघितल्या आणि म्हटलं, बुडाल्याच सगळ्या. हसल्या मला बायका." आणि आपण काय बोललो ते कळून त्यांनी जीभ चावली.

पण जनाबायने तोंडावरचं फडकं काढलं. ती नवऱ्यासमोर जमिनीवर बसली.

"आयकला? बाहेरचे मानसाला तसाच वाटतं," ती म्हणाली. "तुमी सांगा. पावसाल्यात होरी कशी ठेवताव आपुन?"

त्याची नजर कॅमेऱ्यावरच होती.

"सांगा नं. कशी ठेवताव?"

"पालथी."

"कोन घालतं पालथी? वादल घालतं?"

"आमीच घालताव. हातानं."

"का म्हून?"

"पानी भरू नये म्हून. लाकूर टिकावा म्हून."

"मंग तुमी देवाच्या होऱ्या पालथ्या घातल्या, पावसाचे दिसांत, हातानं. बुरवल्या नाय. टिकवल्या." ती त्याच्या आणखी जवळ सरकली. "किसनभावजीला वादलानं नेला. तुमी नाय नेला. आनी नारली पुनवेला काय करताव होरीचा?"

हरिचंद्रने कॅमेरा मला परत दिला. मग तो उठला, कोपऱ्यातल्या बादलीतल्या पाण्याने पाय धुऊन अनवाणी देवळाच्या दिशेने चालू लागला. जनाबाय दारातच उभी राहून त्याच्या पाठीकडे बघत राहिली. त्या संध्याकाळी गावमंडळाच्या लोकांना त्याने स्वतःच सगळं सांगितलं, असं तिने मला दुसऱ्या दिवशी फोनवर कळवलं. बाचाबाची झाली, जुनं बरंच निघालं, पण टाइलवाल्याला परत पाठवलं होतं आणि देव नारळी पुनवेला, होड्यांबरोबरच, सरळ करायचं ठरलं होतं.

नारळी पुनव

शकुताईंनी परतीचं तिकीट रद्द केलं. गुडघ्यांचं कारण सांगितलं, आम्ही सगळ्यांनी ते मानलं.

पुनवेला गेलो तर गावाची कळा पालटलेली. ज्यांच्याकडे अजून होड्या आहेत त्यांनी त्या सरळ करून रंगवल्या होत्या, बायका दागिन्यांनी लवल्या होत्या, घराघरातून नारळीभाताचा वास. देवळातलं सिमेंट आधीच फोडून ठेवलं होतं आणि दगड दोरखंडांनी बांधला होता. त्याच्याखाली गोल ओंडके घातलेले, होडी पाण्यात लोटताना घालतात तसे. दोरीला लागलेली माणसं आता कोणी टेम्पो चालवतात, कोणी बंदरावर वॉचमन आहेत. हरिचंद्रने आरोळी दिली आणि सगळ्यांनी एका दमात ओढ घेतली. ही आरोळी या नव्या गावात बहुधा कोणी ऐकली नव्हती, कारण म्हाताऱ्या बायका रडायलाच लागल्या. दगड आडवा झाला, ओंडक्यांवर फिरला, आणि पुन्हा उभा राहिला.

होड्या खाली आल्या. त्यांच्या वर अप्सरा, आणि सगळ्यात वर, सिमेंटमधून सुटलेली छोटी पिंड, तिच्यासमोर हात जोडून बसलेला एक माणूस, वर चंद्रसूर्य. मी "श्वास रोखा" म्हणायचंही विसरले. इतकी शतकं ज्या दगडाला कोणी पूर्ण बघितलं नव्हतं, तो पुऱ्या उंचीने समोर उभा होता आणि मला नुसतं हात जोडून उभं राहावंसं वाटत होतं.

शेंदराचं काय, हा प्रश्न माझ्या मनात होताच. मंडळाने ठरवलं होतं की टिळ्यापुरता लावायचा. मला हायसं वाटतंय तोच हरिचंद्र डबा घेऊन आला. मुशीचं, म्हणजे शार्कच्या जातीच्या माशाचं तेल, होडीच्या लाकडाला लावतात ते. वासाने शकुताईंनी पदर नाकाला लावला. मी म्हणाले, "दादा, जुन्या दगडाला तेल चांगलं नाही." त्याने ऐकलं नाही, आणि खरं सांगायचं तर मीही पुन्हा म्हणाले नाही.

त्याने चिंधी बुडवली आणि तळापासून सुरुवात केली. तेल लागेल तिथे दगड काळाभोर होत गेला आणि माझ्या फोटोंत न आलेल्या गोष्टी वर आल्या. वल्हेकऱ्यांचे चेहरे. नाळीवरचं पाखरू. मागच्या टोकाला सुकाणू धरून बसलेला तांडेल. आणि होडीच्या खाली, लाटांच्या रेघांमध्ये, पाण्यात पडलेला एक माणूस, एक हात वर केलेला.

हरिचंद्रचा अंगठा त्या माणसावर आला आणि तिथेच राहिला. जनाबाय पुढे आली.

त्या दिवशी मी रिपोर्ट सांगितला. "दादा, हा दगड खालून वर वाचायचा असतो," मी म्हणाले. "हा पाण्यात आहे ना, तोच वर आहे. या बाया त्यालाच उचलून नेतायत. आणि सगळ्यात वर बसलाय, तोही तोच."

त्याने मान हलवली की नाही ते मला दिसलं नाही. तो तेल लावत वर सरकला, एकेका अप्सरेला, अगदी हळू, कोणाला धक्का लागू नये असं. वरच्या चौकटीपाशी पोचला तेव्हा त्याने चिंधी पुन्हा डब्यात बुडवली, हात उचलला, आणि थांबला. मग चिंधी डब्यावर पिळली आणि बाजूला ठेवली.

"वर नाय लावला?" जनाबायने विचारलं.

त्याने खांद्यावरचा टॉवेल घेतला, त्याचा कोरडा कोपरा शोधला आणि पिंडीसमोर बसलेल्या त्या माणसावर उडालेले तेलाचे थेंब टिपून घेतले.

"नको," तो म्हणाला. "त्याला सुका ऱ्हाऊ दे."